श्राव्यातीत गाळपातळी मापक : रिले व इशारे यांची जुळणी

श्राव्यातीत गाळपातळी मापक हे निवळण टाकीच्या तळाशी साचलेल्या गाळाच्या थराची उंची ध्वनिलहरींच्या साहाय्याने सतत मोजणारे उपकरण होय. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे, जलशुद्धीकरण केंद्रे, तसेच खनिज व कागद उद्योगांतील निवळण टाक्यांमध्ये त्याचा उपयोग होतो. मोजलेली पातळी पडद्यावर दाखवणे हे या उपकरणाचे एक काम आहे. ती पातळी ठरावीक मर्यादेबाहेर गेली की भोंगा वाजवणे, दिवा लावणे, पंप सुरू अथवा बंद करणे किंवा नियंत्रण कक्षाला कळवणे हे दुसरे काम त्यातील रिले करतात. कोणत्या पातळीला, किती वेळाने आणि कोणत्या स्थितीत रिलेने कार्य करावे हे ठरवून ती मूल्ये उपकरणात भरण्याच्या प्रक्रियेस रिले व इशारे यांची जुळणी म्हणतात. मापन अचूक असूनही जुळणी सदोष असेल, तर गाळ वर चढल्याची वार्ता वेळेवर कोणापर्यंतही पोहोचत नाही.

गाळाच्या थराचे महत्त्व

सक्रियित गाळ पद्धती १९१४ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी मांडली. या पद्धतीत सूक्ष्मजीव सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य खाऊन वाढतात. पुढे दुय्यम निवळण टाकीत त्यांचे पुंजके तळाशी बसतात आणि वरचे निवळ पाणी टाकीच्या कडेच्या पन्हळीतून बाहेर पडते. तळाचा गाळ पंपाने पुन्हा वायुमिश्रण टाकीत आणला जातो व वाढीव गाळ काढून टाकला जातो.

निवळ पाणी आणि गाळ यांच्यामधील सीमा स्थिर नसते. पावसाळ्यात प्रवाह वाढला, गाळ परत नेणारा पंप बंद पडला किंवा तंतुमय जीवाणू वाढून गाळ फुगला, तर ही सीमा वर सरकू लागते. ती पन्हळीजवळ पोहोचली की गाळ पाण्याबरोबर वाहून नदीत अथवा नाल्यात जातो. भारतात पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांनुसार भूपृष्ठीय जलाशयात सोडावयाच्या पाण्यात तरंगत्या घन पदार्थांचे प्रमाण दर लिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. तळाच्या गाळात हेच प्रमाण दर लिटरला हजारो मिलिग्रॅम असते. त्यामुळे थोडा गाळ वाहून गेला तरी मर्यादा ओलांडली जाते. शिवाय वाहून जाणारा गाळ म्हणजे शुद्धीकरण करणारे सूक्ष्मजीवच असल्याने केंद्राची कार्यक्षमता पुढे अनेक दिवस खालावलेली राहते.

थर फार खाली जाणेही हितावह नसते. अशा वेळी पंप घट्ट गाळाऐवजी पातळ पाणी ओढतो आणि वीज वाया जाते. याउलट प्राथमिक टाकीत गाळ फार काळ साचून राहिला तर तो कुजतो, त्यात वायू तयार होतात व गाळाचे गोळे वर तरंगू लागतात.

पूर्वी, आणि अनेक केंद्रांत आजही, थराची उंची पारदर्शक नळी टाकीत उभी बुडवून मोजतात. नळीच्या तळाशी झडप असते. नळी वर काढल्यावर आत पाणी व गाळ यांची सीमा डोळ्यांना दिसते. ही पद्धत सोपी व विश्वसनीय आहे. मात्र दोन मोजण्यांच्या दरम्यान काय घडले हे तिच्यातून कळत नाही.

मापनाचे तत्त्व

माणसाला ऐकू येणाऱ्या मर्यादेपलीकडील, म्हणजे साधारण २०,००० हर्ट्झहून अधिक कंप्रतेच्या ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. विशिष्ट स्फटिकांवर दाब दिल्यास विद्युत् भार निर्माण होतो, हा दाबविद्युत् परिणाम प्येर क्यूरी आणि झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधला. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॉल लांजव्हँ यांनी त्याचा उपयोग पाण्याखालील पाणबुडीचा शोध घेण्यासाठी केला. गाळपातळी मापक याच तत्त्वावर चालतो.

मापकाचा संवेदक पाण्याच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली बुडवलेला असतो. हवेतून सोडलेला ध्वनी पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ संपूर्ण परावर्तित होतो. त्यामुळे टाकीतील पाण्याची पातळी मोजणारे, हवेत टांगलेले मापक या कामी उपयोगी पडत नाहीत. संवेदकातून निघालेले स्पंद खाली जाऊन गाळाच्या सीमेवरून परततात. स्पंद जाऊन येण्यास लागलेला वेळ आणि पाण्यातील ध्वनीचा वेग यांच्या गुणाकाराचे निम्मे म्हणजे संवेदकापासून गाळापर्यंतचे अंतर होय. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या शुद्ध पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४८२ मीटर असतो. ३० अंशांना तो सुमारे १,५०९ मीटर होतो. हा फरक लक्षात घेतला नाही, तर तीन मीटर अंतरात सुमारे पाच सेंटिमीटरची चूक संभवते. म्हणून संवेदकात बहुधा तापमापकही बसवलेला असतो.

गाळाची सीमा टाकीच्या तळासारखी स्पष्ट नसते. घट्ट थराच्या वर हलक्या पुंजक्यांचा धूसर पट्टा असू शकतो आणि दोहोंकडून प्रतिध्वनी येतो. त्यांपैकी कोणता ग्राह्य धरावा हे रिलेची मूल्ये ठरवण्यापूर्वी निश्चित करावे लागते. त्यासाठी पारदर्शक नळीने घेतलेले मोजमाप उपकरणाच्या वाचनाशी ताडून पाहतात.

उंची आणि अंतर

संवेदक वरून खाली पाहत असल्याने तो प्रत्यक्षात अंतर मोजतो. नियंत्रकात टाकीची खोली भरली, की त्या संख्येतून अंतर वजा करून तळापासूनची उंची मिळते. बहुतेक नियंत्रक यांपैकी कोणतीही संख्या दाखवू शकतात आणि जुळणीतील अनेक चुकांचे मूळ येथे असते.

चार मीटर खोलीच्या टाकीत गाळ तळापासून १.५ मीटर उंच असेल, तर पाण्याच्या पृष्ठभागापासून त्याचे अंतर २.५ मीटर होते. गाळ वर चढताना उंचीची संख्या वाढते, तर अंतराची कमी होते. नियंत्रक अंतराच्या पद्धतीत असताना उंचीच्या हिशेबाने मूल्य भरल्यास इशारा उलटा चालतो: गाळ खाली असताना भोंगा वाजतो व गाळ वर आल्यावर तो शांत होतो. वर्तुळाकार टाकीचा तळ मध्याकडे उतरता असल्यामुळे खोली संवेदकाच्या बरोबर खालच्या जागेची घ्यावी लागते. टाकीच्या आराखड्यातील कमाल खोली येथे चालत नाही.

रिलेची रचना

रिले हा विजेच्या लहान संकेतावर चालणारा खटका होय. त्यातील कॉइलमधून प्रवाह गेला की विद्युत् चुंबक एक पट्टी ओढून घेतो व ती पट्टी एका टोकापासून सुटून दुसऱ्याला जोडली जाते. गाळपातळी मापकाच्या नियंत्रकात असे अनेक रिले असतात. प्रत्येक रिलेला बहुधा तीन टोके असतात: एक सामाईक, दुसरे कॉइलमध्ये प्रवाह नसताना सामाईकाशी जोडलेले आणि तिसरे कॉइलमध्ये प्रवाह असताना जोडले जाणारे.

या टोकांच्या मराठी नावांत एक घोटाळा संभवतो. 'बंद' हा शब्द दाराविषयी मिटलेले या अर्थाने, तर दिव्याविषयी विझलेला या अर्थाने वापरला जातो. विद्युत् मंडलात मात्र संपर्क मिटला की प्रवाह वाहतो व दिवा लागतो. त्यामुळे 'संपर्क बंद' या शब्दांवरून एक तंत्रज्ञ प्रवाह वाहतो असे, तर दुसरा प्रवाह थांबला असे समजू शकतो. नोंदवहीत व सूचनाफलकावर 'जोडलेला' आणि 'तुटलेला' हे शब्द वापरल्यास संदिग्धता राहत नाही.

रिलेचे संपर्क मर्यादित प्रवाहच पेलू शकतात. मोठ्या पंपाची मोटर थेट रिलेवर न जोडता रिलेने कॉन्टॅक्टरची कॉइल चालवतात व कॉन्टॅक्टर मोटर चालवतो. रिलेच्या टोकांवरील वीज अनेकदा पंपाच्या पॅनेलमधून येते. परिणामी नियंत्रकाचा स्वतःचा वीजपुरवठा तोडल्यानंतरही त्या टोकांवर धोकादायक विद्युत् दाब असू शकतो. काम सुरू करण्यापूर्वी दोन्ही पुरवठे तोडून तपासणे आवश्यक असते.

जुळणीतील मुख्य मूल्ये

सेट पॉइंट. ज्या पातळीला रिलेने स्थिती बदलावी त्या पातळीस सेट पॉइंट म्हणतात. ती ठरवताना हिशेब उलट दिशेने करतात. समजा, गाळ तळापासून तीन मीटरवर पोहोचला की पन्हळीतून वाहू लागतो, जोरदार प्रवाहात तो तासाला ०.३ मीटर वेगाने चढतो आणि इशारा मिळाल्यापासून उपाय लागू पडेपर्यंत दोन तास लागतात. या दोन तासांत गाळ ०.६ मीटर चढेल. म्हणजे इशारा २.४ मीटरला किंवा त्याआधी मिळालाच पाहिजे. मापनातील चुकीसाठी थोडी मोकळीक ठेवून २.२ मीटर हे मूल्य योग्य ठरते. माणसाच्या हाती किती वेळ उरतो हाच या मूल्याचा खरा आधार असतो.

डेडबँड. रिले लागण्याची आणि सुटण्याची पातळी एकच ठेवली, तर सीमेवरील किंचित हालचालीनेही रिले पुन्हा पुन्हा लागतो व सुटतो. त्याने संपर्क झिजतात आणि भोंग्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय जडते. म्हणून दोन पातळ्यांत अंतर ठेवतात. त्याला डेडबँड म्हणतात. उच्च पातळीचा इशारा २.२ मीटरला लागत असेल, तर तो १.९ मीटरला सुटेल अशी योजना करतात. निम्न पातळीच्या इशाऱ्यात क्रम उलटा असतो: तो ०.३ मीटरला लागून ०.४५ मीटरला सुटतो. डेडबँड हा गाळाच्या नेहमीच्या चढउतारापेक्षा मोठा असावा लागतो.

विलंब. पातळी सेट पॉइंटपलीकडे सलग काही काळ राहिली तरच रिले लागावा, यासाठी विलंब ठेवतात. गाळ खरवडणारा फिरता हात संवेदकाखालून जातो तेव्हा थर क्षणभर ढवळला जातो. विलंबामुळे अशी क्षणिक वाचने वगळली जातात. मात्र विलंब हा इशाऱ्याच्या वेळेतूनच वजा होतो. तासाला ०.३ मीटर चढणाऱ्या गाळासाठी पाच मिनिटांचा विलंब म्हणजे अवघे अडीच सेंटिमीटर. तो सहज परवडतो. एक तासाचा विलंब वरील उदाहरणातील निम्मा वेळ खाऊन टाकतो.

वीज गेल्यावरची स्थिती

रिले दोन प्रकारे जोडता येतो. पहिल्या प्रकारात नेहमीच्या स्थितीत कॉइलमध्ये प्रवाह नसतो व इशाऱ्याच्या वेळी तो सुरू होतो. या जोडणीत नियंत्रकाची वीज गेली अथवा तार तुटली, तर इशारा कधीच येत नाही आणि सर्व काही ठीक असल्यासारखे दिसते. दुसऱ्या प्रकारात नेहमीच्या स्थितीत कॉइलमध्ये प्रवाह असतो व इशाऱ्याच्या वेळी तो तुटतो. त्यामुळे गाळ चढणे, वीज जाणे, फ्यूज उडणे किंवा तार तुटणे यांपैकी काहीही घडले तरी परिणाम एकच होतो: इशारा मिळतो. या योजनेला बिघाड-सुरक्षित जोडणी म्हणतात. धोक्याच्या इशाऱ्यासाठी तीच वापरतात.

ही जोडणी केली तरी भोंग्याला स्वतंत्र वीज लागते. भारनियमनाच्या वेळी नियंत्रक आणि भोंगा दोन्ही एकाच पुरवठ्यावर असतील, तर रिले सुटूनही आवाज होत नाही. त्यासाठी इशारा मंडलाला बॅटरीचा आधार देतात. पंप चालवणाऱ्या रिलेचा विचार वेगळा असतो. वीज गेल्यावर वा परत आल्यावर पंप आपोआप सुरू होऊ नये, म्हणून तेथे बहुधा पहिल्या प्रकारची जोडणी पत्करतात.

प्रतिध्वनी हरवणे

संवेदकाकडे ओळखण्याजोगा प्रतिध्वनी परत आला नाही, तर त्या स्थितीला प्रतिध्वनी हरवणे म्हणतात. त्याची कारणे अनेक आहेत: संवेदकाच्या तोंडावर शेवाळ किंवा चिकट थर साचणे, वरचा फेस काढणाऱ्या हाताने संवेदक तात्पुरता पाण्याबाहेर उचलला जाणे, पाण्यात वायूचे बुडबुडे असणे, गाळ थेट संवेदकापर्यंत चढणे. शेवाळ पुसण्यासाठी अनेक संवेदकांवर फिरती पुसणी असते. फेस काढणाऱ्या हाताच्या एका फेरीत संवेदक जितका वेळ बाहेर राहतो, त्याहून अधिक विलंब या इशाऱ्याला ठेवतात.

अशा वेळी रिलेने काय करावे यासाठी नियंत्रकात सहसा तीन पर्याय असतात: शेवटचे वाचन धरून ठेवणे, उच्च पातळी गृहीत धरणे किंवा निम्न पातळी गृहीत धरणे. शेवटचे वाचन धरून ठेवण्याचा पर्याय सोयीचा वाटतो, कारण त्यात विनाकारण इशारे येत नाहीत. तथापि टाकीत विनायट्रीकरण होऊन नायट्रोजनचे बुडबुडे गाळाला वर उचलू लागतात, तेव्हा हेच बुडबुडे ध्वनी शोषून आणि विखरून टाकतात. परिणामी गाळ बिघडत असतानाच मापक मूक होतो आणि पडद्यावर मात्र काही वेळापूर्वीची समाधानकारक संख्या स्थिर दिसत राहते. म्हणून वाचन धरून ठेवायचे ते अल्प काळच, आणि तो संपताच स्वतंत्र बिघाड-रिले सुटावा, अशी जुळणी करतात. नियंत्रक पातळी ४ ते २० मिलीअँपिअर प्रवाहाच्या रूपात पाठवत असल्यास बिघाडाच्या वेळी प्रवाह ३.६ मिलीअँपिअर किंवा त्याहून कमी, अथवा २१ मिलीअँपिअर किंवा त्याहून अधिक करण्याची पद्धत रूढ आहे. त्यामुळे बिघाड आणि खरे वाचन यांत गल्लत होत नाही.

स्थिर दिसणाऱ्या वाचनाचा धोका इंग्लंडमधील बन्सफील्ड येथील इंधनसाठ्याच्या दुर्घटनेत दिसून आला. ११ डिसेंबर २००५ रोजी तेथील एका टाकीत पेट्रोल भरले जात असताना पातळीमापकाचे वाचन एका जागी अडकले. त्या वाचनावर अवलंबून असलेले इशारे त्यामुळे आले नाहीत आणि भरणे थांबवण्यासाठी ठेवलेला स्वतंत्र उच्च पातळीचा खटकाही कार्यान्वित झाला नाही. पेट्रोल टाकीवरून वाहून मोठा स्फोट झाला. निवळण टाकीत असा स्फोट होत नसला, तरी कारणांची साखळी तशीच असू शकते.

पंपाचे नियंत्रण

प्राथमिक निवळण टाकी व गाळ घट्ट करणारी टाकी यांतील गाळ उपसण्याचा पंप रिलेवर चालवता येतो. पातळी वरच्या मूल्याला पोहोचली की पंप सुरू होतो आणि खालच्या मूल्याला आल्यावर थांबतो. येथे डेडबँड म्हणजे एका वेळी उपसला जाणारा गाळ होय.

पंप वेगाने ओढू लागला तर घट्ट गाळ जागीच राहून मध्ये भोवरा पडल्यासारखी पोकळी तयार होते व तिच्यातून पाणीच ओढले जाते. संवेदकाखालची पातळी तशीच राहिल्याने पंप थांबत नाही. यासाठी पंप सलग चालण्याच्या वेळेला कमाल मर्यादा घालतात आणि दोन फेऱ्यांमध्ये किमान विश्रांती ठेवतात. दुय्यम टाकीतील गाळ परत नेणारा पंप मात्र सहसा अखंड चालू ठेवतात. तेथे रिलेचा उपयोग मुख्यतः इशाऱ्यासाठी होतो.

उदाहरण

चार मीटर खोलीची दुय्यम निवळण टाकी आणि ०.५ ते १.० मीटर ही थराची नेहमीची उंची गृहीत धरल्यास चार रिलेंची जुळणी पुढीलप्रमाणे करता येते. सर्व मूल्ये तळापासूनच्या उंचीची आहेत.

• रिले १, पूर्वसूचना: १.५ मीटरला लागतो, १.२ मीटरला सुटतो. विलंब १० मिनिटे. नियंत्रण कक्षात दिवा.
• रिले २, धोका: २.२ मीटरला लागतो, १.९ मीटरला सुटतो, विलंब ५ मिनिटे, बिघाड-सुरक्षित जोडणी, भोंगा.
• रिले ३, निम्न पातळी: ०.३ मीटरला लागतो, ०.४५ मीटरला सुटतो, विलंब ३० मिनिटे, दिवा.
• रिले ४, बिघाड: प्रतिध्वनी १० मिनिटे हरवल्यास अथवा वीज गेल्यास, बिघाड-सुरक्षित जोडणी, वेगळा दिवा व भोंगा.

ही मूल्ये केवळ रीत दाखवण्यापुरती आहेत. प्रत्यक्षात ती टाकीची खोली, प्रवाह, गाळाचा प्रकार आणि कर्मचाऱ्यांची उपलब्धता यांवर ठरतात. रात्री एकच कर्मचारी असलेल्या केंद्रात उपायाला अधिक वेळ लागत असल्याने धोक्याची पातळी खाली आणावी लागते.

इशाऱ्यांची संख्या

ज्यावर माणसाने काही कृती करणे अपेक्षित आहे तोच इशारा, हे इशारा व्यवस्थापनाचे मूलतत्त्व आहे. २००९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले आयएसए १८.२ आणि २०१४ चे आयईसी ६२६८२ ही मानके त्यावर आधारलेली आहेत. केवळ माहितीसाठी असलेल्या घटना नोंदीत जाव्यात. त्यांनी भोंगा वाजू नये. वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी झालेल्या स्फोटापूर्वीच्या ११ मिनिटांत दोन कर्मचाऱ्यांसमोर २७५ इशारे आले होते. त्यांतून महत्त्वाचा निवडणे त्यांना शक्य नव्हते. लहान सांडपाणी केंद्रातही वारंवार खोटा वाजणारा भोंगा अखेरीस तार काढून गप्प केला जातो. तशी वेळ येऊ नये म्हणून डेडबँड व विलंब यांची मूल्ये सुरुवातीच्या काही आठवड्यांच्या नोंदी पाहून सुधारतात.

चाचणी व नोंदी

बहुतेक नियंत्रकांत कृत्रिम पातळी भरून रिले तपासण्याची सोय असते. अशा चाचणीत रिले लागला एवढेच पाहणे पुरेसे नसते; भोंगा वाजला का, दिवा लागला का आणि संदेश नियंत्रण कक्षात पोहोचला का, हे शेवटच्या टोकापर्यंत पाहतात. त्यानंतर नियंत्रकाची वीज तोडून बिघाड-सुरक्षित रिले सुटतो का आणि संवेदक पाण्याबाहेर काढून बिघाड-रिले ठरलेल्या वेळात सुटतो का, हे तपासतात. चाचणीपूर्वी पंपाचे रिले अलग करतात, अन्यथा कृत्रिम पातळीमुळे पंप खरोखर सुरू होतो.

प्रत्येक रिलेचे कार्य, लागण्याची व सुटण्याची पातळी, विलंब, जोडणीचा प्रकार, बदलाचा दिनांक आणि बदलाचे कारण नोंदवहीत लिहितात. चाचणीसाठी बदललेली मूल्ये पूर्ववत केल्याची नोंद विशेष महत्त्वाची असते. मूल्यांना सांकेतिक शब्दाचे संरक्षण देण्याची सोयही बहुतेक उपकरणांत असते.

मर्यादा

मापक संवेदकाच्या खालच्या एकाच जागेची पातळी सांगतो. टाकीच्या दुसऱ्या बाजूला गाळ अधिक चढलेला असू शकतो. पाण्यातच गढूळपणा किंवा बुडबुडे फार असल्यास सीमा सापडत नाही. बंदिस्त टाक्यांत मिथेन व हायड्रोजन सल्फाइड हे वायू साचण्याची शक्यता असल्याने तेथे स्फोटरोधक बांधणीची उपकरणे लागतात व वायूची तपासणी केल्याशिवाय आत उतरत नाहीत. या कारणांमुळे मापक बसवल्यानंतरही ठरावीक दिवसांनी पारदर्शक नळीने पातळी मोजून वाचन पडताळण्याची प्रथा कायम ठेवली जाते.